ज्याच्या घरात त्याचं

मुरबाडच्या त्या व्यापाऱ्याच्या कोठाराची मागची भिंत फोडली आणि आतलं भात भसाभसा ओसरीवर सांडलं, तेव्हा कुंडलिक विशे मनातून इतका खूश झाला की ते दिसू नये म्हणून त्याला चष्मा काढून पुसावा लागला. मुंबईच्या कॉमर्स कॉलेजात व्यापार आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्रोफेसरच्या नशिबी आपलं म्हणणं खरं ठरताना बघण्याचा योग सहसा नसतो. खडू फळ्यावर झिजतो, पोरं जांभया देतात, आणि जग आपल्या वाटेनं चालत राहतं. इथे मात्र त्यानं लिहिलेल्या नियमानं भिंत पडली होती.

व्यापारी हात जोडून उभा होता. "साहेब, हे माझं नाही हो. कुळांचं आहे. मी नुसतं ठेवून घेतलंय."

धान्यवसुलीचे अधिकारी मोघे यांनी कुंडलिककडे पाहिलं आणि हसले. कारण हे उत्तर नियमात आधीच लिहिलेलं होतं. लढाईचं चौथं-पाचवं वर्ष. मुंबईत रेशनच्या रांगा, बंगालात माणसं रस्त्यावर मेलेली, आणि गावोगाव भात गडप. सरकारनं धान्य समिती नेमली, समितीनं कॉलेजचं मत मागवलं, आणि कुंडलिकनं स्टाफरूमच्या खिडकीशी बसून ते लिहून दिलं. धान्य ज्याच्या घरात सापडेल त्याचंच समजावं. 'दुसऱ्याचं आहे' हे साठेबाजाचं ठरलेलं उत्तर, ते मानू नये. जो 'माझं' म्हणून कबूल करील त्याला खाण्यापुरतं सोडावं, बाकी सरकारी भावानं उचलावं. जो दुसऱ्यावर ढकलील त्याचं सगळंच उचलावं. पेरणीचं बी सरकारी डेपोतून मिळेल. ठाणे जिल्ह्यात मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत हा नियम करून पाहायचा, पटला तर पावसाळ्यानंतर सगळीकडे लावायचा, असं ठरलं होतं. तो कसा चालतो हे बघायला उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजातले दोन प्रोफेसर आले होते, आणि त्यांतला एक दुसऱ्याशी गेली सात-आठ वर्षं रोज भांडत होता.

दुसऱ्याचं नाव भरुचा. पारशी गृहस्थ, पोट सुटलेलं, डोक्यावर सोलाची हॅट. त्यांचं मत साधं होतं. सरकारनं बाजारात हात घालू नये.

"भाव मोकळा सोड, विशे," ते मुरबाडच्या बाजारातून चालता चालता म्हणाले. "भाव चढला की धान्य आपल्या पायांनी चालत बाजारात येतं. तू भिंती फोडशील, लोक जमिनीत पुरतील."

"चालत येतं, आणि ज्याच्या खिशात दाम असेल त्याच्याच दारात जाऊन बसतं," कुंडलिक म्हणाला. "बाकीच्यांनी काय भाव चाटायचा?"

"ठीक. पण तुझ्या नियमात एखादा खरं बोलणारा सापडला तर?"

"खऱ्या माणसानं दुसऱ्याचं धान्य आपल्या घरात कशाला ठेवावं?"

हे वाक्य त्यानं वर्गात अनेकदा म्हटलं होतं आणि पोरं हसली होती. भरुचाही हसले. एवढ्यात मोघ्यांनी मोटारीत चढता चढता पुढचा मुक्काम सांगितला. शहापूर तालुका, शेणव्याच्या अलीकडे उंबरपाडा. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या घरी छपराला टेकेल एवढी भाताची कणगी असल्याची खबर आली होती.

कुंडलिकचा पाय पायरीवरच थांबला. उंबरपाडा त्याचं आजोळ. आई लवकर गेल्यावर तो तिथेच वाढला होता. त्या पाड्यात छपराला टेकणारी कणगी एकाच घरात होती, आणि तिच्या सावलीत त्यानं बाराखडी गिरवली होती. तो म्हातारा त्याचा सख्खा मामा, धाऊ.

मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. पेट्रोल लढाईवर गेलं होतं आणि बाकीच्यांच्या वाट्याला धूर आला होता. चढ आला की ती धापा टाकायची, ड्रायव्हर उतरून शेगडी ढवळायचा, आणि तोवर उतारू रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. दोन्ही बाजूंच्या खाचरांतून राब भाजून झाले होते. शेण, पालापाचोळा जाळलेल्या चौकोनी काळ्या जागा, जिथे पुढे भाताचं रोप टाकायचं. एरवी तो वास आला की कुंडलिकला भूक लागायची. आज ती लागली नाही. भरुचांना बाजूला घेऊन त्यानं खरं काय ते सांगितलं.

ती कणगी मामाची नव्हती. ती पाड्याच्या बियाण्याची होती. झोडणी झाली की प्रत्येक घर आपलं पेरणीचं भात निवडून, वाळवून मामाच्या घरी आणून देई. लवकर पिकणारं हळवं वेगळं, उशिरा पिकणारं गरवं वेगळं, प्रत्येकाची खूण बांधलेल्या पेंढ्याच्या मुड्यात. मुडे कणगीत रचायचे आणि वर शेणानं लिंपून तोंड बंद करायचं. कारण उघड होतं. चैत्र-वैशाखात घरातलं सरतं, पोरं रडतात, आणि भुकेल्या माणसाच्या घरात बी टिकत नाही. म्हणून ते अशा घरात ठेवायचं जिथे मागता येणार नाही. धाऊमामाच्या आज्यापासून ही राखण त्यांच्याकडे होती. राखणदार उपाशी मेला तरी कणगीला हात लावत नाही.

"अरे, मग ही तर बँक झाली!" भरुचा म्हणाले. "तू हे नियमात का नाही घातलंस?"

या प्रश्नाचं उत्तर कुंडलिककडे होतं आणि ते त्याला आवडत नव्हतं. लिहिताना त्याला कणगी आठवली होती. पण एका अपवादाला वाट दिली की त्यातून शंभर व्यापारी सुटतात, हे त्याला पाठ होतं. शिवाय समितीतल्या मोठमोठ्या माणसांपुढे आपल्या मामाच्या कणगीचं उदाहरण द्यायला त्याची जीभ उचलली नव्हती. त्यानं भरुचांना पहिलं कारण सांगितलं, दुसरं गिळलं.

वाटेत धीर करून तो मोघ्यांशीही बोलला. मोघे माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, ठेवून घेतलंय, दुसऱ्यांचं आहे. आत्ता तासाभरापूर्वी आपण हेच ऐकलं ना? त्या व्यापाऱ्याचं खाण्यापुरतंसुद्धा मी ठेवलं नाही. आता तुमच्या मामांना कसं सोडू?"

"गावाला विचारा. घर अन् घर सांगेल."

"विचारतो. गाव म्हणालं आमचं आहे, तर मी वर लिहून पाहीन. याहून जास्त माझ्या हातात नाही."

कुंडलिकला हायसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी तो दिलासा ओसरला. गावाला विचारलं तर गाव काय म्हणेल, हे त्याला आठवलं. पण मोटार आता उतारावर होती आणि उतारावर ती थांबत नसे.

धाऊमामा ओटीवर बसून पळसाच्या पानांची इरली बांधत होता. अंगानं काटकुळा, डोळ्यांत मोतीबिंदूची झाक. भाच्याला बघून त्याचं तोंड फुललं. "कुंडल्या! गो गोजर, पानी आन, आपला कुंडल्या आला! ह्ये सायब कोन रे?"

गोजरमामीनं पाण्याचा तांब्या आणला आणि गुळाचा खडा शोधायला आत गेली. तो काही सापडला नाही. मोघ्यांनी पाणी घेतलं, नमस्कार केला, आणि घरात जाऊन कणगी पाहिली. मग बाहेर येऊन शांतपणे विचारलं, "बाबा, हे भात कुणाचं?"

कुंडलिक घाईनं पुढे झाला. "मामा, नीट ऐक. सरकारचे साहेब आहेत. खरं काय ते सांग, कुणाचं आहे ते."

मामानं भाच्याकडे पाहिलं. एवढा शिकलेला पोर हे काय विचारायला लावतो, असं त्या बघण्यात होतं. मग तो म्हणाला, "माझं."

"सगळं?"

"सगलं. माझंच हाय."

मोघ्यांनी अंगणात जमलेल्या माणसांना विचारलं. बारकू शेजारच्या घरातला, घरात चार लेकरं, गालफडं बसलेली. "आमचं नाय, सायब. धाऊबाबाचं." त्याची बायको रंभा पदर तोंडाला लावून उभी होती, तीही तेच म्हणाली. नवशा म्हणाला, हिराबाई म्हणाली. ज्याला विचारलं तो तेच सांगत गेला, आणि कुणाची पापणी लवली नाही. पाड्याची रीतच अशी होती. एकदा मुडा कणगीत गेला की उघडायच्या दिवसापर्यंत त्याला माझं म्हणायचं नाही. राखणदारानं सगळं माझं म्हणायचं, बाकीच्यांनी काहीच आपलं नाही म्हणायचं. ज्यानं मधेच माझं म्हटलं त्यानं मागितल्यासारखंच झालं, आणि एकानं मागितलं की कणगी मोडलीच. पोरं खेळतानासुद्धा तिच्याकडे बोट दाखवून 'धाऊबाबाची' म्हणत. कुंडलिकही म्हणत असे.

मोघ्यांनी त्याला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि कुंडलिकला तोच जास्त लागला.

"तुम्ही भाचे आहात, मी समजू शकतो. पण बघा, त्यांच्या शब्दावर गेलो तर त्यांचं खाण्यापुरतं राहतं. तुमच्या शब्दावर गेलो तर तेही जातं. मी त्यांचाच शब्द धरतो."

"आणि बियाणं?"

"डेपोतून मिळेल ना. तुम्हीच लिहिलंय." मोघे थोडा वेळ कणगीकडे बघत राहिले. "आज माझ्याकडे गाड्या नाहीत. कणगीला मारायचा लाखेचा शिक्काही शहापुरात राहिलाय. उद्या सकाळी माणसं येतील, जे असेल ते नेतील." एवढं बोलून ते मोटारीत बसून गेले. शिक्का खरंच राहिला होता की मुद्दाम ठेवला होता, ते त्यांचं त्यांना माहीत.

मोटारीचा धूर खाली बसला. मग कुंडलिकच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"माझं का म्हणालास मामा? मी एवढं सांगत होतो! उद्या गाड्या लावून नेतील सगळं!"

"मंग काय म्हनू? आज बारकूचं म्हनलं, तर उद्या बारकू मागाया येल. त्याच्या घरात दोन दिस चूल नाय पेटली. मना दिसतंय ना."

"सरकार पैसे देईल त्याचे," भरुचा मधेच म्हणाले, आणि आपण कुणाची बाजू मांडतोय हे लक्षात येऊन गप्प झाले.

"पैसं काय राबात पेरायचं?" गोजरमामी दारातून म्हणाली. डेपो उघडेल तेव्हा उघडेल, त्यात घाटावरचं भात येईल की कुजकं येईल, आणि इथल्या खाचरात ते उगवेल की नाही, हे कुंडलिकलाही सांगता आलं नसतं. त्यानं ती ओळ लिहिली होती खरी. लिहिताना ती पुरेशी वाटली होती.

त्याला वाट एकच दिसत होती. कणगी आज उघडायची. ज्याचं त्याला वाटून टाकायचं. घराघरात थोडं थोडं गेलं की कुणाचंच खाण्यापुरत्याहून जास्त भरत नाही, नियम कुणाला धरत नाही. वर्गात तो याला चोरवाट म्हणायचा आणि ती बुजवायची कशी हे शिकवायचा.

"मामा, कणगी उघड."

"रोहिन्या नाय लागल्या रे. आजून महिना हाय."

"उद्या नेलं तर रोहिण्या लागून काय करणार?"

"आन आज दिलं तर?" मामानं बारकूच्या घराकडे हनुवटी केली आणि आवाज खाली आणला. "खातील रे पोरा. त्यांचा काय दोष नाय. पोरांच्या तोंडाकडं बघून मी बी खाल्लं आसतं. म्हनून तर ही हितं हाय."

कुंडलिक हेच तर शिकवत आला होता. भुकेला माणूस उद्याचा विचार करत नाही, म्हणून कुणीतरी वरून राखावं लागतं. त्याचा सगळा नियम त्या पायावर उभा होता. मामाचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं एकच होतं, आणि आता त्यालाच ते मोडायचं होतं. त्यानं भरुचांकडे पाहिलं. सात-आठ वर्षं ज्या माणसानं 'लोकांच्या हातात सोड' म्हणून डोकं खाल्लं, त्यानं आता तरी काही म्हणावं.

भरुचांनी हॅट काढून हातात धरली होती. रंभाच्या कडेवरचं पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. "मला नको विचारू, विशे," ते म्हणाले. "माझं ते सगळं पोट भरलेल्या माणसांसाठी आहे."

मग कुंडलिकनं जे केलं त्याबद्दल पुढे त्याला अनेक दिवस नीट झोप लागली नाही. कणगी उघडण्याचा मान पाड्यात भाच्याचा होता. भाचा घरचा खरा, पण वाटेकरी नव्हे, म्हणून त्याच्या हातात पाप नाही. भाच्यानं कणगीला कुंकू लावून मागितलं की मामाला नाही म्हणता येत नसे. लहानपणी हा मान त्याला चार-पाच वेळा मिळाला होता. त्यानं मामीकडे कुंकू मागितलं. मामीनं मामाकडे पाहिलं. मग तिनं करंडा आणून दिला.

कुंडलिक आत गेला. लिंपणावर बोट टेकवून म्हणाला, "मामा, गावाचं गावाला दे."

धाऊमामा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "भाचा मागतो तर मी कोन," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

दिवस मावळायच्या आत वाटप उरकलं. एरवी त्या दिवशी गूळखोबरं असे, बायका गाणी म्हणत. आज कुणी तोंड उघडलं नाही. ज्याची खूण त्यानं आपला मुडा डोक्यावर घ्यायचा आणि जायचं. रंभा आली तेव्हा तिचे हात मुड्याभोवती असे आवळले की कुंडलिकनं मान फिरवली. तिला काही सांगावं असं त्याला फार वाटलं. खाऊ नको म्हणावं, तर कोणत्या तोंडानं? त्याच्या स्वतःच्या खिशात वाटेसाठी बांधून आणलेली पोळी होती. मामा मात्र प्रत्येकाला एवढंच म्हणत होता, "राबात पडलं पायजे रे. राबात पडलं पायजे."

पहाटे दोघे प्रोफेसर आटगाव स्टेशनाकडे चालत निघाले. गाड्या येण्याआधी निघणं शहाणपणाचं, असं कुंडलिक म्हणाला. भरुचांनी त्याला पळपुटा म्हटलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मुंबईत त्याला अन्न गोड लागेना. रेशनच्या दुकानातले जाडेभरडे तांदूळ बायको निवडायला घेई आणि हा सुपातून एखादा तुसासकट राहिलेला भाताचा दाणा उचलून खिडकीशी नेऊन बघे, हळवं की गरवं. बायकोला वाटलं, माणूस कामानं भ्रमिष्ट झाला. उंबरपाड्याहून निरोप आला तो एवढाच की गाड्या आल्या आणि गेल्या. कोणी धरलं नाही, कोणी मारलं नाही. पण बियाणं? ते कोण कळवणार? पाड्यात लिहिता येणारा एकच माणूस झाला होता, आणि तो मुंबईत बसून नखं खात होता.

जूनमध्ये समिती बसली. मुरबाडच्या भिंतीचं कौतुक झालं. नियम पटला, पावसाळ्यानंतर सगळ्या जिल्ह्यात लावायचा ठरला, आणि अध्यक्षांनी विचारलं, "प्रोफेसर विशे, काही बदल सुचवायचा आहे?" कुंडलिक उठून उभा राहिला. कणगीचं सांगावं, तर ती कुणी आणि का फोडली हे सांगावं लागणार. अपवाद मागावा, तर मुरबाडचा तो व्यापारी उद्या शंभर मुडे बांधून, शंभर खुणा लावून मोकळा होणार. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तो म्हणाला, "सध्या नाही," आणि खाली बसला.

श्रावणात त्याला राहवेना. आटगावला उतरला आणि छत्री घेऊन चिखलातून चालत निघाला. शेणव्याच्या रस्त्याला लागल्यापासून तो प्रत्येक खाचराकडे बघत होता आणि प्रत्येक हिरव्या तुकड्याला मनात हात जोडत होता. उंबरपाड्याच्या वळणावर त्याची पावलं अडली. पुढे बघायचं धाडस होईना. मग त्यानं मान वर केली.

भात उभं होतं. नवशाचं होतं, हिराबाईचं होतं, पार ओढ्यापर्यंत होतं. बारकूचं एक खाचर ओसाड होतं, पण बाकीची दोन डोलत होती. म्हणजे बारकूनं थोडं खाल्लं, आणि चार लेकरांच्या तोंडासमोर बाकीचं राखलं. महिनाभर. कुंडलिकला तिथेच बांधावर रडू फुटलं. आसपास कुणी नव्हतं, त्यामुळे त्यानं ते आवरलंही नाही.

धाऊमामाचं खाचर घरामागे. ते मात्र विचित्र दिसत होतं. एक पट्टा कमरेएवढा, शेजारचा गुडघ्याला, मधेच पिवळट, मधेच काळाभोर हिरवा. एका हाताची लावणी अशी होत नाही. मामा इरलं पाठीवर घेऊन त्यात तण काढत होता. मामी बांधावर होती, तिनंच सांगितलं.

"तुझ्या मामानं सगल्यांचं दिलं आन आपला वाटा कनगीतच ठेवला. सकालला गाड्या आल्या, ह्यो खायापुरतं घरात हाय बोल्ला, म्हनून त्ये सगलं घिऊन गेल्या."

"का मामा?" कुंडलिक ओरडलाच. "मी सगळं वाटायला सांगितलं होतं ना!"

मामा कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "कनगी रिकामी दिसली आसती तर ते घराघरात शिरले आसते. काय तरी घावाया पायजे ना त्यांना. आन मी सायबाला माझं हाय बोल्लो होतो. माझं होतं त्ये नेलं. खोटं कुटं झालं?"

डेपोचं बियाणं आलं होतं, पण रोपं हातभर वाढल्यावर, म्हणजे मंडप उठल्यावर वाजंत्री यावी तसं. मामाचा राब काळाच राहिला. मग लावणीच्या वेळी ज्याच्या त्याच्या राबात जे रोप उरलं, ते प्रत्येक घरानं आणून मामाच्या खाचरात लावलं. बारकूनंसुद्धा एक जुडी आणली. म्हणून ते पट्टे. हळवं आधी पिकणार, गरवं मागून, आणि कापणीला तारांबळ उडणार.

"बघ कसं झालंय," मामा म्हणाला, आणि त्याच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांत हसू उतरलं. "जल्मभर लोकांच्या भाताला माझं माझं करत आलो. आता ह्या खाचरात माझी एक काडी नाय. ह्ये नवशाचं, ह्ये हिराबाईचं, ह्यो कोपरा बारकूचा. कोनी बी विचारूं दे, मी सांगनार, ह्ये माझं नाय, गावाचं हाय."

कुंडलिकच्या हातातली छत्री कलली. दिवाळीनंतर हे भात मामाच्या घरात येईल. समितीचा नियम तोवर जिल्हाभर लागलेला असेल. मोघ्यांची कुठे बदली झाली असेल, नवा अधिकारी येईल, ओटीवर पाणी पिईल आणि शांतपणे विचारील, बाबा, हे कुणाचं? आणि मामा अगदी खरं सांगेल. जो दुसऱ्यावर ढकलील त्याचं सगळंच उचलावं. खाण्यापुरतंसुद्धा राहणार नाही.

तो बूट न काढता तसाच चिखलात उतरला आणि त्यानं मामाचा दंड धरला.

"मामा, असं कुणाला बोलू नकोस. माझी शपथ आहे. कुणी साहेब विचारायला आला तर सांग, माझं आहे. सगळं माझंच आहे म्हण."

मामानं त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. तो चिडला नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मंग वैशाखात मी काय येगलं बोल्लो होतो रे?"

आणि मामा वाकून पुन्हा तण काढायला लागला.